पडदा, भिंत आणि तळहात

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते, आणि बाहेर भज्यांचा घाणा चालू असतानाही आत येऊन बसलेल्या मंडळींनो,

पत्रिकेवर माझा विषय छापलाय, 'पडदा, भिंत आणि तळहात'. परवा मंडईत एकानं अडवून विचारलं, "काय सर, रिटायर झाल्यावर हात बघायला लागला काय?" म्हणून आधीच सांगून टाकतो. पडदा सिनेमाचा, भिंत चित्रप्रदर्शनाची आणि तळहात म्हणजे ज्यावर पोस्टकार्ड मावतं तो. माझं म्हणणं लहानसं आहे. चित्र केवढं असावं आणि बघणाऱ्यानं ते किती अंतरावरून बघावं, हे ठरवणं म्हणजे चित्र काढण्यातलाच एक भाग. रंग आणि रेषा यांच्याइतकाच महत्त्वाचा. आणि आजकाल आपण सगळी चित्रं एकाच मापात बघायला लागलोय. हे पाऊण तासात टप्प्याटप्प्यानं मांडायचा माझा विचार आहे. माझे काही जुने विद्यार्थी मागं बसलेत, ते आत्ताच हसायला लागलेत. माझे तास कसे संपायचे, ते त्यांना माहीत आहे.

तळहातापासून सुरुवात करतो.

मी आयुष्यभर चित्रकला शिकवली. तुमच्यापैकी बहुतेकांनी एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिली असेल. स्थिरचित्राला तांब्या, कांदा आणि पाठीमागं चुरगळलेलं फडकं, हे सगळ्यांच्या नशिबी आलेलं आहे. पण खरी गंमत स्मरणचित्राच्या पेपराला. विषय येतो 'बसस्थानक' किंवा 'गावची जत्रा'. पोरगं कागदाच्या मधोमध बोटाएवढी तीन माणसं काढतं आणि थांबतं. भोवती पांढरा माळ. मग पर्यवेक्षक कानाशी येऊन कुजबुजतात, "कागद भर, कागद भर!" ते पोरगं बिचारं आभाळात पक्षी काढत सुटतं. मराठी मुलांच्या स्मरणचित्रांत जेवढे पक्षी आहेत तेवढे आपल्या जंगलात राहिले असतील का, शंका आहे. माझ्या वर्गात मी उलटं करायचो. ज्याची माणसं लहान, त्याचा कागदच कापून लहान करून द्यायचो. चित्र लगेच भरल्यासारखं दिसायचं आणि पोराचा चेहराही. मुख्याध्यापकांना वाटायचं, सर कागद वाचवतात. मीही कधी दुरुस्त केलं नाही, कारण कागदाच्या खर्चाला त्यांची सही लागायची.

या कापाकापीतून पट्ट्या उरायच्या. चांगला जाड ड्रॉइंग पेपर, टाकवत नाही. त्यातून चौदा बाय नऊ सेंटिमीटरचे तुकडे निघतात, हे एके दिवशी लक्षात आलं, आणि चौदा बाय नऊ म्हणजे आपलं पोस्टाचं कार्ड. माझी पोस्टकार्डं तिथून सुरू झाली. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला पत्ता, तिकीट आणि दोन ओळी.

पोस्टकार्ड ही वस्तू तशी फार जुनी नाही. १८६९ साली ऑस्ट्रिया-हंगेरीत ती पहिल्यांदा निघाली, आणि आपल्याकडं १ जुलै १८७९ ला आली. किंमत पाव आणा. चारच ओळी मावतात, त्याही पोस्टमन वाचतो, शेजारीण वाचते आणि मग ज्याला लिहिलंय तो वाचतो. लोक याला कार्डाचा दोष म्हणतात. चित्र काढणाऱ्याला विचाराल तर हा फार मोठा गुण आहे. ज्या चित्राला पेटीतून दारापर्यंत जाता जाता पाच-सहा प्रेक्षक मिळतात, त्याला उद्घाटन लागत नाही.

हातानं कार्ड करायचं असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगून ठेवतो. जाड पोस्टर कलर लावू नका, वाटेत पापुद्रे सुटतात. हातकागद वापरा. पुण्यात १९४० सालापासून हातकागद संस्था आहे. त्या कागदावर पाणी पसरतं, जरा खेळतं आणि मग बसतं. पत्ता मात्र बॉलपेननं किंवा न पुसणाऱ्या शाईनं लिहा. आणि जुलैमध्ये पाठवू नका. मी एकदा ऐन पावसाळ्यात रंकाळा तलावाचं चित्र पाठवलं होतं. पलीकडून फोन आला, "सर, पूर छान काढलाय." मी पूर काढलाच नव्हता.

आता या कार्डांच्या प्रदर्शनाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. काही जणांनी ऐकली असेल. त्यांनी खुशाल भजी आणायला जावं.

झालं असं की, मित्रांनी आग्रह धरला, तुमच्या कार्डांचं प्रदर्शन भरवा. मी म्हटलं, कार्डं माझ्याकडं आहेत कुठं? ती तर पाठवलेली. मग ज्यांना ज्यांना पाठवली होती त्यांना साधी छापील कार्डं लिहिली, चित्राचं कार्ड आठवडाभरासाठी परत पाठवा, प्रदर्शन झालं की लगेच पोचतं करतो. मला वाटलं, हौसेनं पाठवतील. उत्तरं आली ती ऐका. एका विद्यार्थ्यानं कळवलं, "सर, ते ट्रॅक्टरच्या काचेला आतून चिकटवलंय. काढलं तर फाटतंय. ट्रॅक्टर घेऊन येऊ का?" एकाचं केशकर्तनालय आहे. तो म्हणाला, आरशाच्या कोपऱ्यात लावलंय, गिऱ्हाईक दाढी होईपर्यंत त्याकडं बघत बसतं, हलत नाही, काम सोपं होतं, देणार नाही. एका बाईंनी लिहिलं, देव्हाऱ्याशेजारी ठेवलंय, उचलायचं तर मुहूर्त बघावा लागेल. त्यावर मी काय काढलं होतं माहीत आहे? म्हैस. पाण्यात बसलेली. एकानं मोठ्या प्रेमानं रंगीत झेरॉक्स पाठवली आणि वर लिहिलं, 'मूळ प्रत सुरक्षित आहे.' जशी काही सात-बाराची नक्कल.

जेमतेम निम्मी कार्डं आली. हॉलचं भाडं भरून झालं होतं. त्या हॉलचं नाव सांगत नाही, चालवणारी माणसं चांगली आहेत, पण त्यांची एक व्यवस्थापकीय दृष्टी होती. मी भिंतीला खिळे न मारता दोऱ्या बांधल्या आणि चिमट्यांनी कार्डं लटकवली. व्यवस्थापक आले, बघून म्हणाले, "वाळत घातल्यागत दिसतंय." मी म्हटलं, जलरंगच आहेत. त्यांना तो विनोद वाटला नाही. मग जी कार्डं आली नव्हती त्यांच्या जागी मी नुसते चिमटे ठेवले आणि खाली चिठ्ठी: 'हे कार्ड सध्या ट्रॅक्टरवर आहे.' 'हे कार्ड आरशात आहे.' 'हे कार्ड देवाजवळ आहे.' आता मात्र ते गृहस्थ बिघडले. म्हणाले, "भाडं चित्रांचं घेतलंय. रिकामे चिमटे चालणार नाहीत. लोक तक्रार करतील."

लोकांनी काय केलं सांगतो. लोक चित्रांपुढून भराभर जात होते, छान छान म्हणत, आणि रिकाम्या चिमट्यांपुढं थांबत होते. चिठ्ठी वाचायचे, हसायचे, शेजारच्याला बोलवायचे. एक पोस्टमनमामा गणवेशातच आले होते. तिथलं एक आलेलं कार्ड त्यांनी ओळखलं. म्हणाले, "हे मीच टाकलं होतं. त्या वेळेला त्यांना विचारून संध्याकाळी पोरीला घेऊन परत गेलो होतो दाखवायला. पोरगी एलिमेंटरीला होती." मला सांगा, एवढ्या थाटामाटाच्या प्रदर्शनाला कोण आपल्या मुलीला घेऊन दुसऱ्यांदा जातं?

अभिप्राय वहीबद्दलही बोललं पाहिजे. प्रदर्शनाच्या दाराशी ठेवलेली ती वही म्हणजे मराठी समीक्षेचं खरं दप्तर. 'अप्रतिम!' 'खूप सुंदर. असेच काढत राहा.' 'आमच्या मुलाची पण चित्रकला चांगली आहे, मो. नं. पुढीलप्रमाणे.' एका वहीत मी वाचलंय, 'प्रदर्शन आवडले. पंखे वाढवावेत.' हा मला आजवर वाचलेला सर्वात प्रामाणिक अभिप्राय वाटतो. आणि उद्घाटनं! पाहुणे चित्रांकडं पाठ करून बसतात. श्रोत्यांची तोंडं पाहुण्यांकडं, म्हणजे निदान त्यांना तरी पाठीमागची चित्रं दिसायला हवीत. पण मध्ये फ्लेक्स लावलेला असतो आणि त्यावर पुन्हा पाहुण्यांचेच फोटो. म्हणजे पाहुणे दोनदा दिसतात आणि चित्र एकदाही नाही. आजच्या अध्यक्षांनी हे मनावर घेऊ नये. इथं मागं पुस्तकांची कपाटं आहेत, त्यांना सवय आहे.

असो. चित्रकार नंदलाल बोसांकडं येतो.

शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे हे मास्टरमोशाय, म्हणजे गुरुजी. विद्यार्थ्यांना, मित्रांना, प्रवासातून, घरातून, असंख्य कार्डं चितारून पाठवायचे. दोन फटकाऱ्यांत झाड, तिसऱ्यात बकरी. पण मला त्यांची दुसरी बाजू यापुढं ठेवून बघावीशी वाटते. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या खानदेशात, फैजपूरला, काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. तिथल्या नगराची सजावट गांधीजींनी नंदलालांकडं सोपवली आणि त्यांनी ती बांबू आणि अशाच गावात मिळणाऱ्या साहित्यातून उभी केली. पुढं १९३८ ला हरिपुऱ्याच्या काँग्रेस अधिवेशनासाठी त्यांनी हातकागदावर फलक रंगवले. सुतार, ढोलकीवाला, दळण दळणारी बाई. जाड बाह्यरेषा, सपाट रंग. ते फलक उघड्यावर लावले होते, येताजाता शेतकऱ्यांनी बघावेत म्हणून. आता विचार करा. हाच माणूस कार्डावर बारीक ब्रशनं बकरीची दाढी काढतो आणि हाच माणूस रस्त्यावरच्या फलकाला इतकी जाड रेष ओढतो. हात तोच. फरक बघणाऱ्याच्या अंतराचा. कार्ड बघणारा बसलेला आहे, त्याच्या हातात वस्तू आहे. फलक बघणारा डोक्यावर गाठोडं घेऊन चाललाय, तो थांबेलच असं नाही. नंदलालांनी दोघांना दोन वेगळी चित्रं दिली. त्यांच्या जन्मदिनाआधी, डिसेंबरच्या १ आणि २ तारखेला, कलाभवनात अजून नंदन मेळा भरतो. विद्यार्थी, शिक्षक आपल्या हातच्या वस्तू आणि कार्डं विकतात आणि पैसा विद्यार्थ्यांच्या अडीनडीला जातो. आपल्या कलाशाळांनी हे का उचललं नाही, हा माझा जुना प्रश्न आहे. उत्तरही मला माहीत आहे, पण इथं एक-दोन प्राचार्य बसलेत.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टनं १९९४ पासून एक गमतीचा उपक्रम केला. नामांकित चित्रकार आणि तिथलेच विद्यार्थी यांची पोस्टकार्डाएवढी चित्रं एकत्र मांडायची, सगळी एकाच किमतीला, सही मागच्या बाजूला. विकत घेतल्यावरच कळणार, की आपल्या हातात कोण आलंय. आपल्याकडं केलं तर लोक आधी कार्ड उलटून बघतील, मग चित्र सुलटं करून 'वा!' म्हणतील.

आणि हा जर्मनीतला फ्रान्झ मार्क. घोडे, हरणं, गाई काढणारा चित्रकार. एल्झे लास्कर-श्यूलर नावाची एक कवयित्री त्याची मैत्रीण. १९१३ सालच्या नववर्षाच्या शुभेच्छा म्हणून त्यानं तिला स्वतः रंगवलेलं एक पोस्टकार्ड पाठवलं. त्यावर चार निळे घोडे, एकावर एक रचल्यासारखे. मग १९१३ मध्ये तीच कल्पना त्यानं कॅनव्हासवर घेतली, दोन मीटर उंच. 'निळ्या घोड्यांचा मनोरा'. चित्र फार गाजलं, बर्लिनच्या सरकारी संग्रहात गेलं. मार्क पहिल्या महायुद्धात लढायला गेला आणि १९१६ मध्ये व्हर्दूंजवळ मारला गेला. पुढं नाझी आले. १९३७ ला म्युनिकमध्ये त्यांनी आधुनिक चित्रांची टिंगल करायला एक प्रदर्शन भरवलं, त्यात हे घोडेही टांगले. त्यावर माजी सैनिकी अधिकाऱ्यांनीच तक्रार केली, की हा माणूस देशासाठी मेलाय, त्याचं चित्र इथं कसं? म्हणून ते उतरवलं. मग ते नाझी पुढारी गोरिंगच्या हाती लागलं आणि दुसरं महायुद्ध संपल्यापासून त्याचा पत्ता नाही. कुणी म्हणतं जळलं, कुणी म्हणतं कुठल्या तळघरात आहे. दोन मीटरचं चित्र, संग्रहालयाच्या भिंतीवरचं, पहाऱ्यातलं. ते गेलं. आणि बाईंना पाठवलेलं तळहाताएवढं कार्ड राहिलं. म्युनिकलाच आहे आज.

यावरून लहान ते चांगलं, असा अर्थ काढू नका. मला वेगळंच दिसतं. कार्डावरचे घोडे आणि कॅनव्हासवरचे घोडे यांच्या छापील प्रती शेजारी ठेवून बघा. कार्डावर चंद्रकोरी आणि तारे आहेत, घोड्यांच्या अंगावरसुद्धा. ते एखाद्या लाडक्या माणसाला पाठवलेलं गोड खाऊचं पुडकं वाटतं. मोठ्या चित्रातले घोडे आपल्या अंगावर येतात, त्यांच्यापुढं आपण लहान होतो. कार्ड हे मोठ्या चित्राचं कच्चं टिपण होतं असं म्हणणं मला पटत नाही. दोन अंतरांवरून बघायची ती दोन चित्रं आहेत.

ही चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' अध्यक्षांचं अक्षर सुंदर आहे, कार्ड करायला हरकत नाही.

मग आता पडदा. कोल्हापुरात उभं राहून पडदा म्हटलं की बाबूराव पेंटरांपाशीच यावं लागतं. जन्म १८९०, कोल्हापूरचे, मिस्त्री घराण्यातले. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ सगळ्यांनी पाहिलाय, निदान त्याला वळसा घालून गाडी काढलीय. आनंदराव आणि बाबूराव ही जोडी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवण्यात नावाजलेली. राजवाडा, जंगल, नदीकाठ, सगळं कापडावर. मग त्यांना सिनेमाचा नाद लागला. परदेशी कॅमेरा परवडेना, म्हणून स्वतःच बनवायला घेतला. आनंदराव १९१६ ला वारले, आणि बाबूरावांनी आपले सहकारी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीनं कॅमेरा पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, १९२० मध्ये 'सैरंध्री' आला, टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. हे तुम्हाला पाठ आहे. पुढं १९२९ ला दामले, फत्तेलाल, शांताराम बाहेर पडले आणि 'प्रभात' फिल्म कंपनी झाली, तेही पाठ आहे. कोल्हापुरात प्रत्येक घरात कुणीतरी एक आजोबा 'प्रभात'मध्ये होते, त्यामुळं मी तपशिलात जात नाही. चूक निघेल.

माझ्या कामाची गोष्ट वेगळी आहे. पडदे रंगवण्यात ज्याचा हात धरणारा कुणी नव्हता, त्यानं सिनेमात आल्यावर रंगवलेला पडदा बाजूला ठेवला आणि खरे, उभे, आतबाहेर फिरता येतील असे सेट बांधायला घेतले. का? वास्तवाची आवड होती, हे खरंच. पण मला चित्रकाराचं कारण दिसतं. नाटकाचा पडदा आठव्या-दहाव्या रांगेतून बघण्यासाठी रंगवलेला असतो. रंगमंचावर जाऊन त्याला नाक लावा. राजवाड्याचा खांब म्हणजे पिवळ्या पट्ट्यावर एक तपकिरी फटकारा, दुसरं काही नाही. लांबून तो संगमरवर दिसतो, कारण रंगवणाऱ्यानं अंतर हिशेबात धरलंय. कॅमेरा हा प्रेक्षक असा, की त्याला तिकिटाचा नंबर नाही. तो उठून नटाच्या पुढ्यात जाऊन उभा राहतो. तिथून खांब खोटा पडतो. नुसत्या नटाला किंवा नुसत्या दिग्दर्शकाला हे इतक्या लवकर उमगलं असतं का? ज्यानं आयुष्यभर लांबून बघण्यासाठी रंगवलं, त्यालाच जवळून काय होतं ते ठाऊक. तेच बाबूराव चित्रीकरणाआधी प्रसंगांची, वेशभूषेची रेखाटनं हातानं काढायचे, आणि तेच पोस्टरही रंगवायचे. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं त्यांचं पोस्टर आपल्या देशातल्या सर्वात जुन्या उपलब्ध सिनेपोस्टरांत धरतात. रेखाटन हातात, पोस्टर रस्त्यावरच्या भिंतीवर आणि सिनेमा पडद्यावर. माझ्या विषयाचे तिन्ही शब्द एका माणसात सापडतात. आणि हे मी सुरुवातीला सांगायला हवं होतं असं अध्यक्षांच्या चेहऱ्यावर दिसतंय.

दुसरी चिठ्ठी. 'पाच.' नुसतं 'पाच'. आता भरभर सांगतो.

बॅनर रंगवणारे पेंटर. फ्लेक्स येण्याआधी थिएटरवरची ती वीस-वीस फुटी चित्रं. फोटोवर चौकोन आखायचे, तेवढेच चौकोन कापडावर, आणि एकेक घर भरत जायचं. नायिकेचा डोळा रंगवणाऱ्या पेंटरएवढा. जवळून त्याला फक्त जांभळा आणि हिरवा रंग दिसायचा. चेहरा कसा झालाय ते बघायला रस्ता ओलांडून पलीकडं जायचं, परत यायचं, पुन्हा शिडीवर. चित्रकार एम. एफ. हुसेन मुंबईत याच कामातून वर आले. पुढं १९६७ ला त्यांनी राजस्थानावर एक छोटी फिल्म केली आणि तिला बर्लिनला लघुपटाचं गोल्डन बेअर मिळालं. त्या फिल्ममधल्या चौकटी एखाद्या चित्रकारानं कार्डं मांडावीत तशा एकापुढं एक येतात, गोष्ट जवळजवळ नाहीच. रस्ता ओलांडून बघायची सवय ज्याला लागली, त्याला कॅमेरा कुठं ठेवायचा ते वेगळं शिकवावं लागत नाही.

भिंत. मुंबईला १९५२ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरी उघडली. आत जायला तिकीट नाही, तरी कितीतरी माणसं बाहेरच्या फुटपाथवरची चित्रं बघतात आणि आत न जाता परत फिरतात. फुटपाथवर चित्राला हात लागेल इतकं जवळ जाता येतं. आत मधल्या मोकळ्या फरशीची भीती वाटते. चित्रापासून किती लांब उभं राहायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही, म्हणून आपण कडेकडेनं चालतो, प्रदक्षिणेला लागल्यासारखं. पुढच्या वेळी एवढं करून बघा. आधी पार लांब जा, इतकं की चित्र लहान दिसेल. मग रंगांचे फटकारे सुटे दिसेपर्यंत जवळ या. मध्ये कुठंतरी एक जागा येते, जिथं फटकारे जुळतात. ती जागा चित्रकारानं ठरवलेली असते. राजारामपुरीत सिनेनट चंद्रकांत मांडरे यांचं संग्रहालय आहे ना, तिथं त्यांची पावडर शेडिंगची निसर्गचित्रं आहेत. या माणसाचा चेहरा पडद्यावर दहा फुटांचा दिसायचा. त्यानं स्वतः काढली ती शांत झाडं आणि पाणी. तिथं हा प्रयोग करा. गर्दी नसते, हे मी खेदानं सांगतो.

आणि मोबाइल. मी काही मोबाइलचा शत्रू नाही, आजच्या टिपणातले सनावळीचे आकडे मी त्यावरच तपासले. पण त्यात निळे घोडे, हरिपुऱ्याचा फलक, 'कल्याण खजिना'चं पोस्टर आणि भाचीच्या बारशाचा फोटो, सगळं एकाच मापाचं होतं. मोठं चित्र लहान झालं, हा त्यातला कमी तोटा आहे. ते आपण बोटांनी ताणून मोठं करतो. जास्त तोटा लहान चित्राचा होतो. माझं कार्ड मोबाइलवर बरोबर त्याच्याच मापाचं दिसतं, कदाचित जास्त झकपक दिसतं, आणि तरी ते कार्ड राहत नाही, कारण ते एका माणसाच्या हातात जावं म्हणून तेवढं केलेलं होतं. फ्रेंच दिग्दर्शक गोदारच्या १९६३ सालच्या एका सिनेमात दोन शिपाई लढाईहून घरी येतात आणि बायकांपुढं बॅगभर पोस्टकार्डं काढून टाकतात, आम्ही जिंकलेलं जग हे असं म्हणून. पुतळे, आगगाड्या, जनावरं, सगळं वर्गवारी करून. तेव्हा लोक त्या शिपायांना हसले असतील. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात ती बॅग आहे. यावर अजून अर्धा तास बोलता आलं असतं, आणि मुळात तेच बोलायचं ठरलं होतं.

अध्यक्ष उठले. बसा साहेब, शेवटचंच.

वाचनालयाला एक विनंती. वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी एक लहान टेबल ठेवा. कार्डांचे कागद मी कापून देतो, पट्ट्या घरात पडून आहेत. ज्याला वाटेल त्यानं चित्र काढावं, पत्ता लिहावा आणि पेटीत टाकावं. चांगलं जमलंय असं वाटलं तर ते इथं भिंतीवर लावू नका, पाठवून द्या. वर्षानं आपण प्रदर्शन भरवू आणि नुसते चिमटे लावू. भाड्याचं काय ते मी त्या व्यवस्थापकांशी बोलतो.

आता प्रश्न विचारायचे असतील तर जरूर विचारा. एकच अट आहे, 'आम्हाला चित्रातलं काही कळत नाही, पण' अशी सुरुवात करायची नाही. तिसऱ्या रांगेतला हात कधीपासून वर आहे. हां, तुम्ही बोला. माइक त्यांच्याकडं द्या कुणीतरी, आणि भजी उरली असतील तर इकडं पाठवा.